इन्सुलिनची मात्रा आणि अखंड ग्लुकोज मापन : आकडा, दिशा व निर्णय

सारांश :
इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीस दिवसातून अनेक वेळा औषधाच्या मात्रेचा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. मात्रा सातत्याने कमी पडली तर काही वर्षांत डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांची हानी होते. ती एकदाच जास्त झाली तर तासाभरात शुद्ध हरपू शकते. अखंड ग्लुकोज मापन करणाऱ्या सेन्सरमुळे या निर्णयास नवा आधार मिळाला आहे. मात्र हा आधार केवळ पडद्यावरील आकड्याचा नाही. आकड्याची दिशा, आधी घेतलेल्या इन्सुलिनचा शिल्लक प्रभाव आणि दिवसाची वेळ या तिन्हींचा एकत्र विचार केला तरच मापनाचे रूपांतर योग्य मात्रेत होते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : मधुमेह, इन्सुलिन, अखंड ग्लुकोज मापन, अल्पशर्करा, लक्ष्यकक्षेतील काळ.

१. प्रस्तावना

१९२१ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्कावर प्रयोग केले आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास त्या अर्काचे पहिले इंजेक्शन देण्यात आले. तोपर्यंत पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणजे थोड्याच काळात येणारा मृत्यू होता. इन्सुलिनने तो टाळला. परंतु त्याच वेळी एक नवा प्रश्न निर्माण केला. इन्सुलिन द्यावयाचे, पण किती?

निरोगी शरीरात या प्रश्नाचे उत्तर स्वादुपिंडातील बीटा पेशी क्षणोक्षणी देत असतात. रक्तातील ग्लुकोज वाढू लागताच त्या इन्सुलिन सोडतात आणि ते उतरू लागताच हात आखडता घेतात. बाहेरून दिलेल्या इन्सुलिनला ही जाण नसते. एकदा त्वचेखाली गेलेले इन्सुलिन रुग्णाने जेवण केले किंवा नाही, तो झोपला आहे की शेतात राबत आहे, याची दखल न घेता आपले कार्य करीत राहते.

या पेचाचे गांभीर्य अमेरिका व कॅनडा येथे १९८३ ते १९९३ या काळात १,४४१ रुग्णांवर झालेल्या एका विख्यात चाचणीने अधोरेखित केले. ही चाचणी 'डीसीसीटी' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. काटेकोर उपचार घेणाऱ्या गटाचे एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दर्शविणारे प्रमाण, ७ टक्क्यांच्या आसपास राहिले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ९ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांच्या डोळ्यांत आरंभी दोष नव्हता, त्यांच्यात दृष्टिपटलाचा विकार उद्भवण्याचा धोका काटेकोर उपचारांनी ७६ टक्क्यांनी घटला. परंतु त्याच गटात तीव्र अल्पशर्करेचे, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता येणार नाही इतकी साखर उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. साखर खाली आणावी तर शुद्ध हरपण्याचे भय आणि वर ठेवावी तर अवयवांचा ऱ्हास, असा हा दुहेरी पेच आहे.

भारतातही या प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख इतकी आहे. यांपैकी सर्वांना इन्सुलिन लागत नाही. परंतु ज्यांना लागते, त्यांच्या घरात मात्रेचा प्रश्न रोज उभा असतो.

२. मापनाची वाटचाल

इन्सुलिनच्या शोधानंतर कित्येक दशके मात्रेचा आधार लघवीची तपासणी हाच होता. बेनेडिक्ट द्रावणात लघवी तापवून निळा, हिरवा, पिवळा वा विटकरी रंग पाहावयाचा आणि त्यावरून अंदाज बांधावयाचा, अशी ही पद्धत होती. रक्तातील ग्लुकोज साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्याशिवाय ते लघवीत उतरत नाही. त्यामुळे ही तपासणी काही तासांपूर्वीच्या वाढलेल्या साखरेची खूण सांगे. उतरलेल्या साखरेविषयी ती काहीच सांगत नसे. (यापुढे लेखातील ग्लुकोजचे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात समजावेत.)

१९६० च्या दशकाच्या मध्यास रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या आणि त्या दशकाच्या अखेरीस तो रंग मोजणारे यंत्र आले. हे यंत्र प्रामुख्याने डॉक्टर व रुग्णालये यांच्यासाठी होते. रिचर्ड बर्नस्टीन या अमेरिकन अभियंत्यास बालपणापासून मधुमेह होता. त्यांनी डॉक्टर असलेल्या आपल्या पत्नीच्या नावे हे यंत्र मिळविले आणि दिवसातून अनेक वेळा स्वतःची साखर मोजून त्यानुसार मात्रा बदलण्याचा प्रयोग सुरू केला. रुग्णाने स्वतःच मोजावे आणि स्वतःच मात्रा ठरवावी, या आज सर्वमान्य झालेल्या विचाराच्या आरंभीच्या प्रणेत्यांत त्यांची गणना होते.

याच सुमारास दुसरी एक वाट तयार होत होती. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क व चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर विद्युतअग्रावर बसवून ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली. आजचे ग्लुकोमीटर आणि बहुतांश सेन्सर यांचे मूळ या कल्पनेत आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या अखंड ग्लुकोज मापन यंत्रास मान्यता दिली. ते तीन दिवस नोंदी साठवीत असे; परंतु रुग्णास त्या दिसत नसत, डॉक्टरांनाच नंतर पाहता येत. पुढे आकडा रुग्णालाही तत्काळ दिसू लागला. तरी मात्रा घेण्यापूर्वी बोटातील रक्त तपासून खात्री करावी, अशी अट दीर्घकाळ कायम होती. डिसेंबर २०१६ मध्ये त्याच प्रशासनाने एका सेन्सरला, बोटाच्या तपासणीची जोड न देता मात्रेचा निर्णय घेण्यासाठी मान्यता दिली. सेन्सर हे केवळ निरीक्षणाचे साधन न राहता मात्रा ठरविण्याचे साधन झाले, ते या टप्प्यावर.

३. सेन्सर नेमके काय मोजतो?

सेन्सरचा केसासारखा बारीक तंतू दंडाच्या मागील बाजूस वा पोटावर त्वचेखाली काही मिलिमीटर खोल बसविला जातो. तो रक्तवाहिनीत नसतो; पेशींच्या अवतीभोवती असलेल्या द्रवात असतो. त्या द्रवातील ग्लुकोजवर विकराची क्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून ग्लुकोजचा आकडा काढला जातो. दर पाच मिनिटांस एक नोंद धरली तर दिवसाच्या २८८ नोंदी होतात. बोट टोचून दिवसातून चार वेळा तपासणाऱ्या रुग्णाकडे केवळ चार नोंदी असतात. बहुतेक सेन्सर दहा ते पंधरा दिवस टिकतात.

रक्तातील ग्लुकोज या द्रवात पोहोचण्यास वेळ लागतो. त्यामुळे सेन्सरवरील आकडा रक्तातील आकड्याच्या साधारण पाच ते दहा मिनिटे मागे असतो. साखर स्थिर असताना हा फरक नगण्य असतो. परंतु ती वेगाने चढत वा उतरत असताना तो महत्त्वाचा ठरतो. याखेरीज आजच्या सेन्सरांचा आकडा प्रत्यक्ष मूल्यापासून सरासरी आठ ते दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो.

या मर्यादा असूनही सेन्सरची उपयुक्तता अधिक असण्याचे कारण असे की, तो आकड्याबरोबर कलही दाखवितो. पडद्यावरील आडवा बाण म्हणजे साखर जवळपास स्थिर आहे. तिरका बाण सामान्यतः दर मिनिटास १ ते २ मिलिग्रॅमचा आणि सरळ वर वा खाली रोखलेला बाण त्याहून अधिक वेगाचा बदल सुचवितो. बाणांचे अर्थ कंपनीनुसार काहीसे भिन्न असल्याने आपल्या यंत्राची पुस्तिका पाहणे आवश्यक ठरते.

४. एक आकडा, तीन मात्रा

कलाचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एका प्रौढ रुग्णास दिवसभरात एकूण ४० एकक इन्सुलिन लागते. शीघ्र परिणामी इन्सुलिनसाठी रूढ असलेल्या ढोबळ नियमांनुसार ५०० ला ४० ने भागले असता १२.५ येतात, म्हणजे एक एकक सुमारे साडेबारा ग्रॅम कर्बोदकांना पुरते. तसेच १,८०० ला ४० ने भागले असता ४५ येतात. म्हणजे एक एकक साखर सुमारे ४५ ने खाली आणते. हे नियम केवळ आरंभबिंदू होत. प्रत्येक रुग्णाचे खरे प्रमाण डॉक्टरांच्या देखरेखीखाली अनुभवाने ठरते.

या रुग्णाच्या ताटात दोन मध्यम पोळ्या, भाजी व वाटीभर वरण असे ढोबळमानाने ५० ग्रॅम कर्बोदके असलेले जेवण आहे. त्यासाठी ४ एकक लागतील. जेवणापूर्वीची साखर १९० आहे आणि लक्ष्य १२० आहे. जास्तीच्या ७० साठी सुमारे दीड एकक, म्हणजे एकूण साडेपाच एकक. बोट टोचून तपासणारा रुग्ण येथे थांबतो.

सेन्सर वापरणाऱ्यास मात्र आणखी एक प्रश्न विचारता येतो. हे १९० कोणत्या दिशेने चालले आहेत? बाण आडवा असेल तर साडेपाच एकक हेच उत्तर योग्य आहे. साखर दर मिनिटास २ या वेगाने उतरत असेल, तर अर्ध्या तासानंतर ती १३० च्या आसपास असेल. तेव्हा वाढीव दीड एककाचे कारणच उरत नाही आणि ४ एकक पुरेसे होतात. उलट, ती त्याच वेगाने चढत असेल, तर अर्ध्या तासानंतर ती २५० च्या आसपास असेल. लक्ष्यापेक्षा १३० ने अधिक असल्याने सुमारे ३ एकक वाढवून मात्रा ७ एककांवर जाते. आकडा तिन्ही वेळा १९० च आहे. परंतु मात्रा चार, साडेपाच व सात अशा भिन्न आहेत.

अर्ध्या तासानंतरच्या अपेक्षित आकड्यावरून मात्रा काढणे ही एक पद्धत झाली. काही तज्ज्ञ बाणानुसार मात्रेत १० ते २० टक्क्यांची वाढ वा घट सुचवितात, तर काही मार्गदर्शिकांत बाण व रुग्णाची इन्सुलिन-संवेदनशीलता यांवरून ठराविक एककांचे कोष्टक दिलेले असते. पद्धती भिन्न असल्या तरी कलाची दखल न घेता दिलेली मात्रा अपुऱ्या माहितीवर दिलेली असते, हे तत्त्व एकच आहे. वृद्ध व्यक्ती, लहान मुले आणि साखर उतरल्याची जाणीव बोथट झालेले रुग्ण यांच्या बाबतीत चढत्या बाणासाठी मात्रा वाढविताना विशेष संयम ठेवणे इष्ट असते.

५. आधीच्या इन्सुलिनचे विस्मरण

दर पाच मिनिटांनी आकडा दिसू लागला म्हणजे दर पाच मिनिटांनी काहीतरी करावेसे वाटू लागते. अखंड मापनातून उद्भवणारा सर्वांत सामान्य धोका हाच आहे.

शीघ्र परिणामी इन्सुलिनचे कार्य दहा ते वीस मिनिटांत सुरू होते, साधारण एक ते दीड तासात ते शिखरावर असते आणि तीन ते पाच तास चालू राहते. साधे रेग्युलर इन्सुलिन याहून संथ असते. त्याचा आरंभ अर्ध्या तासाने होतो आणि प्रभाव सहा ते आठ तास टिकतो. अन्नातील साखर मात्र बऱ्याचदा इन्सुलिनच्या आधी रक्तात पोहोचते. त्यामुळे जेवणानंतर तासाभराने आकडा चढलेला दिसणे म्हणजे मात्रा कमी पडली असे नव्हे; घेतलेल्या इन्सुलिनचे बरेचसे काम अद्याप व्हावयाचे असते.

एखादा रुग्ण दुपारी एक वाजता ५ एकक घेऊन जेवतो. सव्वादोनला पडद्यावर २४० व वर रोखलेला बाण पाहून तो घाबरतो आणि आणखी ३ एकक घेतो. तीन वाजता आकडा २१० दिसतो, म्हणून पुन्हा २ एकक घेतो. साडेचारच्या सुमारास या तिन्ही मात्रांचे प्रभाव एकत्र येतात आणि साखर ६० च्या खाली जाऊ लागते. प्रत्येक निर्णय त्या क्षणाच्या आकड्यास अनुसरून होता. परंतु तिन्ही मिळून घातक ठरले. वैद्यकीय परिभाषेत यास इन्सुलिनचा थर साचणे म्हणता येईल. म्हणून जेवणानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत केवळ बाण पाहून पूरक मात्रा घेऊ नये आणि त्यानंतरही शिल्लक प्रभाव वजा करूनच ती ठरवावी, असा दंडक पाळला जातो.

हीच चूक उलट दिशेनेही होते. साखर ७० च्या खाली गेल्यावर पंधरा ग्रॅम ग्लुकोज, अथवा साधारण तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटे थांबावे, असा सल्ला दिला जातो. परंतु सेन्सर मागे असल्याने रक्तातील साखर सावरल्यानंतरही पडद्यावर कमी आकडा काही काळ दिसत राहतो. तो पाहून रुग्ण पुन्हापुन्हा खात जातो आणि तासाभरात साखर ३०० वर पोहोचते. अशा वेळी बोटाची तपासणी अधिक विश्वसनीय होय.

६. सकाळचे २१० आणि रात्रीचे रहस्य

सकाळी उपाशीपोटीची साखर २१० आली, तर रात्रीचे इन्सुलिन वाढवावे की कमी करावे? हा प्रश्न अनेक कुटुंबांच्या परिचयाचा आहे. बोटाच्या एका तपासणीतून त्याचे उत्तर मिळत नाही. कारण त्या एका आकड्यामागे किमान तीन वेगवेगळ्या रात्री असू शकतात.

पहिल्या रात्री साखर झोपतानाच २०० होती आणि ती रात्रभर तशीच राहिली. येथे रात्रीच्या जेवणाची मात्रा अथवा दीर्घ परिणामी इन्सुलिन अपुरे आहे. दुसऱ्या रात्री साखर तीन वाजेपर्यंत १२० होती आणि पहाटे चढू लागली. पहाटे वाढणाऱ्या वृद्धिसंप्रेरक, कॉर्टिसॉल आदी संप्रेरकांमुळे हे घडते. येथे सरसकट रात्रीची मात्रा वाढविली तर पहाटेपूर्वीच साखर उतरण्याचा धोका संभवतो. इन्सुलिनचा प्रकार वा वेळ बदलणे अधिक योग्य असते. तिसऱ्या रात्री दोन वाजता साखर ५५ पर्यंत उतरली, रुग्ण घामाघूम होऊन उठला, हाती आले ते खाल्ले आणि सकाळी आकडा २१० झाला. येथे मात्रा वाढविणे म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याहून गंभीर प्रसंग ओढवून घेणे होय.

रात्री साखर उतरली की शरीर प्रतिक्रिया म्हणून ती सकाळी वर नेते, हे मत मायकेल सोमोजी यांनी १९३० च्या दशकात मांडले आणि ते दीर्घकाळ शिकविले गेले. अखंड नोंदींनी मात्र असे दाखविले की, रात्री साखर उतरलेल्या रुग्णाची सकाळची साखर बहुधा जास्त नसून कमीच असते. म्हणजे सकाळचा मोठा आकडा पाहून 'रात्री लो झाली असावी' असे गृहीत धरणे आणि न पाहता मात्रा वाढविणे, ही दोन्ही अनुमानेच होत. रात्रीची नोंद हाच येथे निर्णायक पुरावा आहे. झोपेत साखर उतरू लागताच वाजणारा गजर हा तर अनेक मातापित्यांच्या दृष्टीने या साधनाचा सर्वांत मोठा लाभ ठरला आहे.

७. मिश्र इन्सुलिन आणि चौदा दिवसांचा आलेख

प्रत्येक जेवणापूर्वी मात्रा मोजून घेण्याची पद्धत भारतात सर्वांना उपलब्ध वा शक्य नसते. येथे असंख्य रुग्ण सकाळी व रात्री मिश्र इन्सुलिन घेतात. ३०/७० या प्रचलित मिश्रणात ३० टक्के भाग लवकर कार्य करणारा आणि ७० टक्के भाग मध्यम गतीचा असतो. अशा रुग्णास बाण पाहून एखादे एकक वाढविण्यास फारसा वाव नसतो. कारण एक भाग वाढविला की दुसराही वाढतो. त्याच्या दृष्टीने सेन्सरचा उपयोग तत्काळ निर्णयापेक्षा दिनक्रमातील साचा ओळखण्यासाठी अधिक आहे.

यासाठी चौदा दिवसांच्या नोंदी एकाच चोवीस तासांच्या आलेखावर मांडल्या जातात. मधली रेषा प्रत्येक वेळेची मध्यक साखर दाखविते आणि तिच्या भोवतीचे पट्टे दिवसागणिक होणारा चढउतार दाखवितात. आलेख विश्वसनीय ठरण्यासाठी या काळातील किमान ७० टक्के नोंदी उपलब्ध असाव्यात. वाचनाचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम साखर कोठे उतरते ते पाहावे, नंतर पट्टा कोठे फार रुंद आहे ते पाहावे आणि सर्वांत शेवटी मधली रेषा कोठे उंच आहे याचा विचार करावा. अल्पशर्करा दूर केल्याशिवाय मात्रा वाढवू नये, हे यामागील सूत्र होय.

उदाहरणार्थ, रात्रीच्या मिश्र इन्सुलिनचा मध्यम गतीचा भाग मध्यरात्रीनंतर जोर धरतो. सायंकाळी लवकर व हलके जेवणाऱ्या वृद्धाच्या आलेखात नेमक्या त्या वेळी खाली गेलेला पट्टा दिसतो. चतुर्थीच्या उपवासात दिवसभर खाली असलेली रेषा साबुदाण्याच्या खिचडीनंतर कशी झेपावते, हेही त्यात दिसते. असा पुरावा समोर असला म्हणजे उपवासाच्या दिवशी मात्रा कशी बदलावी, याविषयी डॉक्टर व रुग्ण यांच्यात नेमका संवाद होऊ शकतो.

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने यासाठी निश्चित उद्दिष्टे ठरविली. बहुतेक प्रौढांची साखर दिवसातील ७० टक्क्यांहून अधिक काळ ७० ते १८० या कक्षेत असावी. ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी आणि ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी काळ असावी. वृद्ध व जोखमीच्या रुग्णांसाठी कक्षेतील काळ ५० टक्क्यांहून अधिक असला तरी पुरेसा मानला आहे. मात्र ७० खालील काळ १ टक्क्याहूनही कमी असावा, असा कटाक्ष आहे.

८. संशोधनातून मिळणारा पुरावा

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३२२ रुग्णांच्या अमेरिकन अभ्यासात २५ वर्षांवरील गटाचे एचबीए१सी नियंत्रण गटाच्या तुलनेत ०.५३ ने घटले. परंतु मुले व तरुण यांच्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रौढांपैकी ८३ टक्के रुग्णांनी सेन्सर आठवड्यातून सहा वा अधिक दिवस वापरला होता, तर १५ ते २४ वयोगटात हे प्रमाण केवळ ३० टक्के होते. यंत्राचा लाभ ते सातत्याने वापरण्याशी निगडित असल्याचे यावरून सूचित होते.

२०१६ मध्ये युरोपात साखर चांगली नियंत्रित असलेल्या पहिल्या प्रकारच्या रुग्णांवर झालेल्या 'इम्पॅक्ट' अभ्यासात सेन्सरमुळे अल्पशर्करेत जाणारा काळ ३८ टक्क्यांनी कमी झाला. २०१७ च्या 'डायमंड' अभ्यासात दिवसातून अनेक इंजेक्शने घेणाऱ्या १५८ रुग्णांपैकी सेन्सर गटाचे एचबीए१सी २४ आठवड्यांत १.० ने, तर दुसऱ्या गटाचे ०.४ ने घटले. त्याच वर्षीच्या 'रिप्लेस-बीजी' अभ्यासात २२६ रुग्णांपैकी काहींनी केवळ सेन्सरवरून, तर काहींनी बोटाच्या तपासणीने खात्री करून मात्रा घेतल्या. दोन्ही गटांतील लक्ष्यकक्षेचा काळ सारखाच राहिला. केवळ दीर्घ परिणामी इन्सुलिन घेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांनाही लाभ होतो, हे २०२१ मध्ये १७५ रुग्णांच्या 'मोबाईल' अभ्यासाने दाखविले.

सेन्सर व इन्सुलिन पंप यांना जोडून मूलभूत मात्रा आपोआप कमी-अधिक करणाऱ्या पहिल्या यंत्रणेस अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तथापि अशा यंत्रणेसही जेवणातील कर्बोदकांचा अंदाज सामान्यतः रुग्णानेच सांगावा लागतो. निर्णयाचा भार हलका झाला आहे. तो नाहीसा झालेला नाही.

९. सेन्सरवर विसंबू नये असे प्रसंग

शरीराची लक्षणे व पडद्यावरील आकडा यांत विसंगती असेल, तर बोटाची तपासणी करावी, हा पहिला नियम आहे. नवीन सेन्सर बसविल्यानंतरच्या पहिल्या दिवशी अचूकता कमी असू शकते. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपल्यास दाबामुळे आकडा खोटाच उतरलेला दिसतो. काही औषधेही अडथळा आणतात. काही सेन्सरांत पॅरासिटामॉल, तर काहींत मोठ्या मात्रेतील क जीवनसत्त्व आकडा वाढवून दाखविते. सिकलसेल आजारात वापरले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे औषधही काही सेन्सरांचा आकडा फसवा वाढविते. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते. कारण अशा रुग्णांत एचबीए१सी तपासणीही भरवशाची नसते. खोट्या वाढीव आकड्यावर घेतलेली मात्रा प्रत्यक्षात साखर अतिशय खाली नेऊ शकते. बोटाची तपासणीही निर्दोष नसते. फळ सोललेल्या बोटांनी ती केल्यास साखर भलतीच जास्त दिसते, म्हणून हात धुणे अगत्याचे आहे.

काही चुकांचा तर मापनाशी संबंधच नसतो. भारतात मिलिलिटरमागे ४० एककांच्या कुप्या आणि १०० एककांचे इन्सुलिन ही दोन्ही मिळतात. १०० एककांचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये भरल्यास मात्रा अडीच पट होते. एकाच जागी वारंवार इंजेक्शन घेतल्याने त्वचेखाली गाठी बनतात आणि तेथून इन्सुलिन अनियमितपणे शोषले जाते. आलेखावरील न उलगडणारे चढउतार पाहून मात्रा बदलण्यापूर्वी इंजेक्शनची जागा बोटांनी चाचपून पाहणे हिताचे असते.

१०. समारोप

एका सेन्सरची किंमत काही हजार रुपये असून भारतात हा खर्च बहुतांशी रुग्णास स्वतःच करावा लागतो. वर्षभर सेन्सर लावणे अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. तथापि मात्रा बदलावयाची असेल, रात्री साखर उतरत असल्याचा संशय असेल अथवा सकाळच्या आकड्याचा उलगडा होत नसेल, तेव्हा चौदा दिवसांचा एक सेन्सर आणि त्याच्या आलेखाचे डॉक्टरांसमवेत केलेले वाचन, हा व्यवहार्य मध्यममार्ग ठरतो. त्या काळात जेवण, श्रम व मात्रा यांची साधी वही ठेवली तर आलेखाचे मोल वाढते; वहीविना आलेखातून काय घडले ते कळते, का घडले ते कळत नाही.

लघवीच्या रंगापासून दर पाच मिनिटांच्या नोंदीपर्यंतचा प्रवास हा माहिती वाढत गेल्याचा इतिहास आहे. परंतु माहिती म्हणजे मात्रा नव्हे. १९० या आकड्यातून चार, साडेपाच व सात एकक अशी तीन योग्य उत्तरे निघू शकतात आणि सकाळच्या २१० मागे तीन भिन्न रात्री असू शकतात. त्यांतील नेमके उत्तर निवडण्यासाठी आकड्यापूर्वी काय घडले आणि पुढे काय घडणार आहे, हे वाचता आले पाहिजे. म्हणूनच सेन्सर रुग्णाच्या दंडावर बसवून देण्याइतकेच त्याच्या बाणांचे व आलेखाचे वाचन रुग्णास आणि त्याच्या घरातील एका तरी व्यक्तीस शिकविणे, हा उपचाराचाच भाग मानला जाणे आवश्यक आहे.